नऊ पिनी, पंचवीस पिनी : शिरोलीतल्या (कोल्हापूर) एका मशीनच्या बॅकअपच्या नोंदी

८ सप्टेंबर २०२५

व्हीएमसीच्या (धातू कापणाऱ्या, संगणकावर चालणाऱ्या मशीनच्या) स्क्रीनवर खाली आज सकाळपासून ‘बॅट’ असं लुकलुकतंय. ऑपरेटर मामांना विचारलं तर म्हणाले, ‘‘ताई, गणपतीच्या आधी पण दोनदा दिसलं हुतं, मग गेलं. म्हणून बोललो नाही.’’

मशीन १९९० च्या दशकातलं, त्याचा कंट्रोल, म्हणजे आतला संगणक, फानुक झिरो-एम. याचे प्रोग्रॅम, पॅरामीटर (मशीनची आतली सेटिंग), टूल ऑफसेट (प्रत्येक टूलची मापं), सगळं बॅटरीवर जिवंत राहतं. टॉर्चला लागतात तसले तीन मोठे सेल, मिळून साडेचार व्होल्ट. मल्टिमीटर लावला : ३.४. झाकण काढल्यावर दिसलं की एक सेल पाझरलाय, त्याखालची स्प्रिंग हिरवी पडून अर्धी खाल्ली गेलीय.

हे सेल कंट्रोल चालू ठेवूनच बदलायचे असतात. नुसते सेल बदलायचे असते तर दोन मिनिटांचं काम होतं. इथे पेटीच बदलावी लागणार, तारा सोल्डर कराव्या लागणार, म्हणजे अर्धा तास. तेवढ्यात लाईट गेली तर मशीनची पाटी कोरी. शिरोलीत पावसाळ्यात लाईटचा भरवसा कुणी देऊ नये.

म्हणून क्रम ठरवला : आधी बॅकअप, मग बॅटरी. तोवर मेन स्विच रात्रीसुद्धा बंद करायचा नाही. स्विचवर तसा कागद चिकटवला. १ ऑक्टोबरला खंडेनवमी. त्या दिवशी सगळी मशीनं बंद करून, धुऊन-पुसून पूजा होते आणि दसऱ्याला सुट्टी. म्हणजे दोन दिवस मशीन बंद राहणार. माझ्या हातात तीन आठवडे आहेत.

बॅकअप पूर्वी होता. तो ज्या डेस्कटॉपवर होता तो मे महिन्यात गेला आणि त्याची हार्ड डिस्क वाचता येत नाही. मशीनशी बोलायचं नऊ पिनी पोर्टही त्याच डेस्कटॉपला होतं.

९ सप्टेंबर

आमचे मालक अण्णा, त्यांनी ऑफिसातला नवा लॅपटॉप दिला. विंडोज ११, दोन टाइप-सी, एक साधं यूएसबी. सिरियल पोर्ट, म्हणजे ते नऊ पिनी, अर्थातच नाही.

सिरियल पोर्ट ज्यावर चालतं ते आरएस-२३२ हे मानक १९६० सालचं. त्याची ‘सी’ आवृत्ती १९६९ ची, आणि नऊ पिनी कनेक्टर लोकांच्या हातात आला तो १९८४ च्या आयबीएम पीसी-एटीबरोबर. त्याआधी सगळं पंचवीस पिनी. आमच्या मशीनच्या दारावर अजून तेच पंचवीस पिनी सॉकेट आहे. लॅपटॉपवरून पोर्ट गेलं म्हणून या मानकाला जुनाट म्हणायची घाई मला पटत नाही. दोन तारांवर डेटा, एक ग्राउंड, आणि मल्टिमीटर असलेल्या कुणालाही तपासता येईल असा व्यवहार. तिसेक वर्षांनंतरही मी या मशीनशी बोलू शकेन असं मला वाटतं ते याच साधेपणामुळे.

काम सुरू करण्याआधी वहीत एक गोष्ट लिहून ठेवली. ‘कनेक्ट होत नाही’ ही एक तक्रार नसते, तिच्यात चार पदर असतात : यूएसबीचं सिरियल करणारी चिप आणि तिचा ड्रायव्हर, पिनांवरचे व्होल्ट, केबलची वायरिंग, आणि बॉड (पाठवायचा वेग) व पॅरिटी (चूक पकडायचा जादा बिट) यांची सेटिंग. चारही एकदम बदलत बसलं तर कशामुळे चाललं आणि कशामुळे अडलं हे कधीच कळत नाही. लॅपटॉपकडून सुरुवात करून मशीनकडे जायचं, एक पदर पक्का झाल्याशिवाय पुढच्याला हात लावायचा नाही.

पहिलाच पदर अडला. स्टोअरमध्ये एक निळी यूएसबी-सिरियल केबल पडली होती, ती लावली. डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळा त्रिकोण, आणि नावाच्या जागी इंग्रजीत सूचना की ही चिप विंडोज ११ ला चालत नाही, विक्रेत्याशी संपर्क साधा. हीच केबल मामांच्या मुलाच्या जुन्या विंडोज ७ च्या लॅपटॉपवर लगेच दिसली. म्हणजे चिप मेलेली नाही. नवा ड्रायव्हर तिला ओळखून मुद्दाम नाकारतोय. बंद झालेल्या मॉडेलच्या आणि नकली चिपांचं बाजारात असं होतं. जुना ड्रायव्हर शोधून बसवता येतो, पण विंडोजचा पुढचा अपडेट तो परत बदलतो. मशीनचा बॅकअप अशा पायावर ठेवायचा नाही. केबल बाजूला ठेवली आणि तिच्यावर ‘फक्त विंडोज ७’ अशी चिठ्ठी बांधली.

११ सप्टेंबर

काल संध्याकाळी गावातून दुसरा अडॅप्टर आणला. चिप सीएच३४०. ड्रायव्हर आपोआप बसला, कॉम ५ असं नाव मिळालं. पहिला पदर झाला.

आता लूपबॅक. अडॅप्टरच्या नऊ पिनी तोंडात २ आणि ३ या पिना एकमेकींना जोडायच्या. २ वर ऐकतो, ३ वर बोलतो. दोन्ही जोडल्या की आपणच बोललेलं आपल्याला ऐकू येतं. दोन्हीकडे मगरी चिमटा असलेली छोटी वायर लावली, टेरा टर्म (पोर्टवरून अक्षरं पाठवणारा-दाखवणारा प्रोग्रॅम) उघडलं, टाइप केलं. अक्षरं उमटली. चिमटा काढला, अक्षरं थांबली. चिमटा काढून बघणं महत्त्वाचं आहे, कारण प्रोग्रॅममध्ये लोकल एको, म्हणजे टाइप केलेलं स्वतःच दाखवायची सोय, चालू असला तर काहीही न जोडतासुद्धा अक्षरं दिसतात आणि माणूस फसतो.

लूपबॅक पास झाला म्हणून मी खूश होते. मग व्होल्ट मोजले. पिन ५ ला काळी प्रोब, पिन ३ ला लाल, काहीही पाठवत नसताना. आरएस-२३२ मध्ये शांत असलेली लाइन उणे असते : मानकाप्रमाणे ऐकणाऱ्याच्या टोकाला उणे ३ ते उणे १५ म्हणजे ‘एक’, अधिक ३ ते अधिक १५ म्हणजे ‘शून्य’, आणि मधला पट्टा कुणाचाच नाही. माझ्या मीटरवर आलं ०.०२.

प्रोब नीट टेकली नसेल म्हणून परत बघितलं. ०.०२ च. म्हणजे या अडॅप्टरमध्ये व्होल्टेज बदलणारी चिपच नाही. शून्य आणि पाच व्होल्टवरच तो सगळं भागवतो. मॅक्स२३२ सारखी चिप १९८७ पासून पाच व्होल्टांतून, चार छोटे कपॅसिटर भरत-रिकामे करत, अधिक-उणे दोन्ही तयार करते; तेवढी एक चिप वाचवली की अडॅप्टर स्वस्त पडतो. टेबलावर असा अडॅप्टर चालतो, कारण बऱ्याच रिसीव्हरना शून्य व्होल्टही ‘एक’ म्हणून चालून जातं. पण शॉपमध्ये शेजारी स्पिंडलचा ड्राइव्ह आहे, कॉन्टॅक्टर (मोठे विजेचे स्विच) पडतायत-उचलतायत, केबल सहा मीटर. त्या गोंधळात शून्यावर टेकलेली लाइन कधी वर उडी मारेल सांगता येत नाही. चालणाऱ्या गोष्टीवर मी एरवी शंका घेत नाही, पण इथे एका चुकलेल्या अंकाने टूल जॉबमध्ये घुसतं. हा अडॅप्टरही नको.

लूपबॅक दोन पदरांपैकी एकच तपासतो हे आज कळलं. दोन्ही टोकांना आपणच असलो की व्होल्ट चुकीचे असले तरी जमतं.

१२ सप्टेंबर

एफटीडीआय कंपनीची अस्सल चिप असलेला अडॅप्टर मागवला. किंमत निळ्या केबलच्या पाचपटीहून जास्त. अण्णांना काल मोजलेला आकडा दाखवला, त्यांनी लगेच ‘घ्या’ म्हटलं. आयसोलेटेड, म्हणजे मशीन आणि लॅपटॉप यांच्यात विजेचा थेट संबंध न ठेवणारा प्रकारही मिळतो. तो दुप्पट किमतीचा आहे, पुढच्या वेळी बघू.

१५ सप्टेंबर

अडॅप्टर यायच्या आत केबल.

आधी मशीनच्या दारावरचं पंचवीस पिनी सॉकेट तपासलं. मशीनचं पुस्तक सांगतं आणि मीटरनेही तेच दाखवलं : पिन २५ वर २४ व्होल्ट डीसी. पूर्वी कागदी टेप वाचणारं यंत्र इथे जोडायचे, त्याला लागणारी वीज याच पिनेवरून जायची. सगळ्या पंचवीस तारा सरळ जोडलेली तयार केबल कुणी आणून लावली, तर ते २४ व्होल्ट पलीकडे कुठे जातील याचा नेम नाही. म्हणून वहीत लाल पेनने : पिन २५ ला तार नाही. कधीही नाही.

वायरिंग अशी ठरली. लॅपटॉपकडे नऊ पिनी, मशीनकडे पंचवीस पिनी. दोनाला दोन, तीनाला तीन, पाचाला सात. हे बघून आमचा शिकाऊ पोरगा म्हणाला, ‘‘ताई, बोलणारी तार ऐकणारीला जायला पाहिजे ना? तुम्ही दोनाला दोनच जोडताय.’’ त्याचा प्रश्न बरोबर होता. नऊ पिनीवर २ म्हणजे ऐकणं. पंचवीस पिनीवर २ म्हणजे बोलणं. कनेक्टर बदलला की क्रमांकांचा अर्थ उलटा होतो, म्हणून सरळ दिसणारी तारच उलटसुलट जोड करते. हे त्याला कागदावर काढून दाखवलं आणि तो कागद इथेच चिकटवतेय.

त्याशिवाय मशीनच्या टोकाला हूडच्या (कनेक्टरच्या टोपीच्या) आतच ४ आणि ५ एकमेकींना जोडल्या, आणि ६, ८, २० या तिघी एकत्र. नऊ पिनीकडे ७-८ एकत्र, आणि १, ४, ६ एकत्र. समोरचा तयार आहे का, हे विचारणाऱ्या या पिना. आपण फक्त तीन तारा नेतोय, म्हणून प्रत्येकाला त्याचंच उत्तर परत मिळेल अशी सोय. केबलभोवतीच्या शील्डची जाळी फक्त मशीनच्या टोकाला, हूडच्या धातूला. दोन्ही टोकांना जोडली तर दोन अर्थिंगमधला फरक त्या जाळीतून वाहतो.

सोल्डरिंग उद्यमनगरातल्या पॅनेलवाल्या काकांच्या दुकानात बसून केलं. त्यांच्याकडे कप असलेले जुने कनेक्टर मिळाले. कपात आधी थोडं टिन भरायचं, तारेलाही लावायचं, मग नुसतं टेकवून गरम केलं की तार आपोआप बुडते. प्रत्येक जोडावर हीटश्रिंक. नंतर कंटिन्युइटीचा बीप : ज्या जोड्या वाजायला पाहिजेत त्या, आणि वाजायला नको त्याही सगळ्या. दुसऱ्या प्रकाराला वेळ जास्त लागला, पण पंचवीस पिनीकडच्या ७ आणि ८ मधली एक केसाएवढी तार त्यातच सापडली.

१७ सप्टेंबर

अडॅप्टर आला. लूपबॅक पास. शांत लाइन उणे ५.८ व्होल्ट. दुसरा पदर झाला.

नाव मात्र कॉम ११ मिळालं. याआधी लावलेला प्रत्येक अडॅप्टर विंडोज लक्षात ठेवतं आणि पुढचा नंबर देतं. आमचा फाइल पाठवायचा छोटा विंडोज प्रोग्रॅम फक्त कॉम १ ते ४ दाखवतो. डिव्हाइस मॅनेजर, पोर्टची प्रॉपर्टीज, ॲडव्हान्स्ड, तिथे नंबर बदलून कॉम ३ केला. एक फरक लिहून ठेवण्यासारखा : एफटीडीआय चिपला स्वतःचा सिरियल नंबर असतो, त्यामुळे लॅपटॉपच्या कुठल्याही सॉकेटात लावली तरी नाव तेच राहतं. ज्या चिपांना तो नसतो त्यांना प्रत्येक सॉकेटात वेगळं नाव मिळतं, आणि काल चालणारी गोष्ट आज चालत नाही असं वाटतं. तशी चिप असेल तर सॉकेटावरच खूण करावी.

मामांकडे डॉसमधल्या जुन्या प्रोग्रॅमची फ्लॉपी जपून ठेवलेली आहे. ती वापरता येईल का विचारत होते. नाही येणार. तो प्रोग्रॅम विंडोजला न विचारता थेट ३एफ८ या पत्त्यावरच्या पोर्टच्या चिपशी बोलतो आणि या लॅपटॉपमध्ये त्या पत्त्यावर कुणी राहतच नाही. यूएसबीचा अडॅप्टर फक्त ड्रायव्हरमधून भेटतो.

घरी माझ्या उबंटूवरही बघितलं, दुसरा मार्ग हाताशी असावा म्हणून. तिथे एफटीडीआयला वेगळा ड्रायव्हर बसवावा लागतच नाही. फक्त आपलं नाव ‘डायलआउट’ गटात घालून परत लॉगिन करावं लागतं. सीएच३४० तिथे दिसून लगेच नाहीशी होत होती. ब्रेल यंत्रांसाठीची एक सेवा तिला आपलं यंत्र समजून ताब्यात घेते, कारण त्याच यूएसबी ओळख-क्रमांकाचं ब्रेल यंत्रही असतं. ती सेवा काढली की चिप टिकते.

१९ सप्टेंबर

पहिल्यांदा मशीनला जोडलं.

केबल खरं तर दोन्ही बाजू बंद करून जोडावी. कंट्रोल बंद करायचा नाही म्हणून काळजी घेतली : लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर, अडॅप्टर लॅपटॉपपासून वेगळा, आधी मशीनकडचा कनेक्टर स्क्रूसकट, मग हाताने मशीनच्या उघड्या धातूला स्पर्श, मग शेवटी यूएसबी. चार्जर लावलेला असताना लॅपटॉपच्या धातूला मुंग्या येतात ते सगळ्यांना माहीत आहे. त्या मुंग्या पोर्टच्या चिपमधून जाऊ द्यायच्या नाहीत.

मशीनचं सेटिंग पान : आयएसओ १, आयओ ०. पॅरामीटर ५५२ मध्ये १० आहे, म्हणजे ४८०० बॉड. (११ असतं तर ९६००.) मोड एडिट, प्रोग्रॅमचं पान, एक छोटा प्रोग्रॅम निवडून आउटपुटची कळ दाबली.

अलार्म ०८६.

याचा अर्थ पुस्तकात स्पष्ट आहे : समोरचा तयार असल्याचा सिग्नल नाही. म्हणजे वायरिंगचा पदर, आणि त्यातही पिन ६. हूड उघडलं. ६, ८, २० एकत्र करणाऱ्या तारेचा २० वरचा जोड सुटला होता. काकांच्या दुकानात बीप वाजला होता तो. हूड आवळताना ताण बसला असणार. परत सोल्डर केलं, या वेळी तारेला थोडी ढील ठेवली. अलार्म गेला, ‘आउटपुट’ असं लुकलुकायला लागलं, आणि लॅपटॉपवर अक्षरांचा ओघ आला.

ओघ आला, पण निम्मी अक्षरं ओळखू येईनात. काही जागी बरोबर ‘एन’, ‘जी’, ‘झेड’. मध्ये मध्ये भलतीच चिन्हं. ओळी मात्र जागच्या जागी तुटत होत्या. रात्र झाली होती, फाइल तशीच सेव्ह करून घरी नेली.

२० सप्टेंबर

काल रात्री जेवणानंतर त्या फाइलसमोर बसले आणि बरोबर आलेल्या अक्षरांची यादी केली. जी, एम, एन, एस, वाय, झेड बरोबर. ओ, एक्स, एफ, टी बिघडलेले. आकड्यांत ०, ३, ५, ६, ९ बरोबर. १, २, ४, ७, ८ बिघडलेले. दशांशचिन्ह आणि उणेचं चिन्ह बरोबर.

मग प्रत्येकाचा बायनरी कोड लिहिला आणि त्यातले एक मोजले. ‘एन’ म्हणजे १००१११० : चार एक. ‘जी’ म्हणजे १०००१११ : चार. ‘ओ’ म्हणजे १००११११ : पाच. ‘एक्स’ म्हणजे १०११००० : तीन. ज्यांच्यात एकांची संख्या सम, ते सगळे बरोबर. ज्यांच्यात विषम, ते सगळे बिघडलेले. एकही अपवाद नाही.

म्हणजे मशीन सात बिट पाठवतंय आणि आठव्या जागी पॅरिटीचा बिट. विषम असेल तिथे तो एक करून बेरीज सम करतंय. माझं टेरा टर्म आठ बिट, पॅरिटी नाही असं बसलं होतं, म्हणून तो बिटही अक्षराचाच भाग समजत होतं. कागदी टेपवर आयएसओ कोडात प्रत्येक ओळीला सम भोकं असायची, त्याचंच हे रूप. टेप गेली, भोकं गेली, मोजदाद राहिली. मला हे बघताना फार आनंद झाला. बिघाड इतका नीटनेटका असेल तर तो स्वतःच स्वतःचं कारण सांगतो.

आज सकाळी सेटिंग केलं : ४८००, सात बिट, इव्हन पॅरिटी, दोन स्टॉप बिट. (स्टॉप बिट म्हणजे अक्षर संपल्याची खूण. ते पॅरामीटर २ च्या शेवटच्या बिटवर, तिथे १ आहे.) एकाच फटक्यात स्वच्छ प्रोग्रॅम आला.

मग सगळे : ओ-९९९९, म्हणजे सगळे प्रोग्रॅम, टाकून आउटपुट. या कंट्रोलची स्मृती मीटरमध्ये मोजतात, कारण तेवढ्या लांबीच्या टेपवर मावेल तेवढा मजकूर. इंचाला दहा अक्षरं. आमची ८० मीटर, म्हणजे सुमारे साडेएकतीस हजार अक्षरं. ४८०० बॉडला एका अक्षरामागे अकरा बिट जातात, म्हणून सेकंदाला ४३६ अक्षरं. आमची फाइल २१,४०० अक्षरांची झाली, ४९ सेकंद लागले. मग पॅरामीटरचं पान, ऑफसेटचं पान, त्यांच्या वेगळ्या फाइली. प्रत्येक गोष्ट दोनदा काढली आणि दोन्ही फाइली एकमेकींशी ताडून बघितल्या. सगळ्या जुळल्या. ९०० च्या पुढचे पॅरामीटर, म्हणजे कंट्रोलला कुठले पर्याय दिलेत ते, स्क्रीनवरून हाताने लिहून घेतले आणि वर फोटोही काढले.

दुपारी मामांना लॅपटॉपवर पंप केसिंगचा प्रोग्रॅम दाखवला. त्यांनी तो कधी एका पानावर सलग बघितला नव्हता. मशीनच्या स्क्रीनवर दहा-बारा ओळीच दिसतात. वाचता वाचता बोट एका जागी थांबलं. बोअरच्या शेवटच्या फिनिशिंगला फीड (टूल पुढे सरकायचा वेग) ९० आहे, मूळ छापील कागदावर १४०. ‘‘हे मी केलंय. कास्टिंग कडक यायला लागली तवा.’’ कधी केलं ते त्यांनाही आठवत नाही. तो आकडा कुठल्याही कागदावर नव्हता. या खोलीत, या मशीनमध्ये, त्या पाझरणाऱ्या सेलांच्या जोरावर तेवढा टिकला होता.

२२ सप्टेंबर

घटस्थापना. शॉप अर्धा दिवस.

एक गोष्ट राहिली होती ती लक्षात आली. टूल बदलायचा मॅक्रो (मशीनचा आतला छोटा प्रोग्रॅम) फाइलमध्ये नाही. ९००० च्या पुढचे प्रोग्रॅम मशीन बनवणाऱ्याचे असतात आणि पॅरामीटरने लपवलेले. ओ-९९९९ म्हटलं तरी ते येत नाहीत. मशीनच्या पुस्तकातून तो बिट शोधला, बदलला, दोन मॅक्रो काढून घेतले, बिट परत होता तसा केला. हे दोन नसते तर बाकी सगळा बॅकअप असूनही मशीनने टूल बदललं नसतं.

२४ सप्टेंबर

बॅकअप परत घालता आला नाही तर त्याला बॅकअप म्हणता येत नाही. म्हणून आज उलटी दिशा. एक प्रोग्रॅम घेतला, त्याचा नंबर बदलून न वापरलेला दिला, प्रोटेक्टची चावी फिरवली, मशीनला वाचायला लावलं, लॅपटॉपवरून पाठवलं.

अर्ध्यात अलार्म ०८७. बफर भरून वाहिला.

मशीनचं पोट भरत आलं की ते ‘थांब’ म्हणून एक अक्षर पाठवतं, नंतर ‘चालू’ म्हणून दुसरं. ‘थांब’ म्हटल्यावर जास्तीत जास्त दहा अक्षरं ते सहन करतं, अकरावं आलं की अलार्म. आता हिशेब असा. एक अक्षर २.३ मिलिसेकंदांत जातं. मशीनने पाठवलेलं ‘थांब’ अडॅप्टरच्या चिपमध्ये पोचतं, आणि चिप ते लॅपटॉपला देण्याआधी १६ मिलिसेकंद वाट बघते, आणखी काही आलं तर एकत्र द्यावं म्हणून. तेवढ्यात सात अक्षरं निघून गेली. शिवाय लॅपटॉपने आधीच देऊन ठेवलेली अक्षरं चिपच्या पोटात रांगेत उभी असतात, ती तर निघणारच. जुन्या डेस्कटॉपच्या खऱ्या पोर्टला हा प्रश्न नव्हता. त्याच्या पोटात फार अक्षरं मावतच नव्हती.

आमचा छोटा प्रोग्रॅम ‘थांब’ स्वतः वाचून स्वतः थांबायचा प्रयत्न करत होता. तो उशिरा थांबणारच. उपाय : थांबायचं काम चिपवरच सोपवायचं. एफटीडीआयची चिप हे स्वतः करू शकते, फक्त पोर्ट उघडताना फ्लो कंट्रोल एक्सऑन-एक्सऑफ असं सांगावं लागतं. टेरा टर्ममध्ये ते निवडलं. शिवाय डिव्हाइस मॅनेजरमध्ये १६ मिलिसेकंदांचं १ केलं. परत पाठवलं : पूर्ण गेलं. मग सर्वांत मोठा प्रोग्रॅम तीनदा पाठवला, तीनदा परत काढला, ताडला. एकही फरक नाही.

बॉड वाढवून ९६०० करू का, असं शिकाऊ पोराने विचारलं. नको. पन्नास सेकंदांचे पंचवीस करून आपल्याला काही मिळत नाही.

२७ सप्टेंबर

बॅटरी. सगळ्या फाइली लॅपटॉपवर, पेनड्राइव्हवर आणि अण्णांच्या ऑफिसातल्या कपाटात कागदावर छापून. मग कंट्रोल चालू ठेवून जुनी पेटी काढली, नवी सोल्डर केली, नवे सेल घातले. चोवीस मिनिटं. मीटरवर ४.७. ‘बॅट’ गेलं. लाईट गेली नाही, पण आज गेली असती तरी हात थरथरले नसते.

३० सप्टेंबर

मशीनच्या दाराच्या आतल्या बाजूला एक कागद, प्लॅस्टिकमध्ये घालून : केबलची वायरिंग, पिन २५ ची ताकीद, ४८०० / सात / इव्हन / दोन, एक्सऑन-एक्सऑफ, कॉम ३, आणि सेल बदलल्याची तारीख. केबल आणि अडॅप्टर त्याच दाराच्या कप्प्यात, एकत्र. ऑफिसात नेऊन ठेवायचे नाहीत असं अण्णांशी बोलून ठरवलं.

१ ऑक्टोबर

खंडेनवमी. दुपारी मामांनी मेन स्विच खाली ओढला. तीन आठवड्यांनी पंख्याचा आवाज बंद झाला. टेबल पुसून घेतलं, हळद-कुंकू, झेंडूचा हार स्पिंडलच्या गार्डला. अडॅप्टरची ती केबलसुद्धा मामांनी मल्टिमीटरशेजारी पाटावर ठेवली.

३ ऑक्टोबर

सकाळी आठ वाजता स्विच वर केला. स्क्रीन उजळेपर्यंत कुणी बोललं नाही. पोझिशनचं पान आलं, खाली कोपरा रिकामा. प्रोग्रॅमची यादी उघडली, ४१ होते ते ४१. झिरो रिटर्न घेतला (मशीन मूळ जागी नेलं), एम०६ हा टूल बदलायचा हुकूम दिला. मॅगझिन फिरलं, टूल बदललं. मामांनी पंप केसिंगचा प्रोग्रॅम उघडला, बाण दाबत दाबत फिनिशिंगच्या ओळीपर्यंत गेले. एफ ९०. मग त्यांनी सायकल स्टार्ट दाबला.